पाळण्यातले पाय आणि पाचगणीचा पियानो

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपल्या चरित्रलेखकांनी फारच मनावर घेतली आहे. थोर माणसाचे बालपण म्हणजे त्याच्या थोरपणाची आगाऊ वर्दी, याहून अधिक काही असू शकते असे त्यांना वाटतच नाही. फ्रेडी मर्क्युरीचे बालपण या साच्यात बसत नाही. बहुधा म्हणूनच ते दोन वाक्यांत उरकले जाते. २०१८च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या चित्रपटाची कथाही थेट १९७०च्या लंडनपासून सुरू होते.

१९४६ साली झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बुलसारा वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत आला. 'फ्रेडी' हे नाव शाळासोबत्यांनी दिलेले. १९५८ साली पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा वाद्यवृंद काढला आणि लिटल रिचर्ड, क्लिफ रिचर्ड यांची गाणी ते वाजवू लागले. गंमत अशी, की पुढे ज्याच्या आवाजाने जग जिंकले, तो तेथे मुख्य गायक नव्हताच! गाणारा मुलगा दुसरा, फ्रेडी पियानोवर. पाळण्यातले पाय येथे दिसत नाहीत. दिसतो तो रेडिओवर ऐकलेले गाणे लगोलग पियानोवर उतरवू शकणारा एक मुलगा. नंतरच्या गीतरचनांचे मूळ शोधायचे तर ते गळ्यापेक्षा या बोटांत शोधावे, असे मला वाटते. १९७५चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पियानोवरच आकाराला आले.

'आपला फ्रेडी' म्हणून मिरवणाऱ्यांचेही मला पटत नाही. शाळा सातारा जिल्ह्यातली खरी, पण तिचे जग इंग्रजी होते. त्याने स्वतःही या वर्षांविषयी फारसे बोलणे टाळले. १९६३ साली तो झांझिबारला परतला, आणि १९६४च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. असो.

हे भंडाऱ्यात बसून लिहिण्याचे कारण निराळे आहे. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत आपल्याकडे दंडारी उभ्या राहतात. त्यांतल्या कलावंतांची चरित्रे आपले विद्यार्थी आज ना उद्या लिहू लागतील. त्यांनी 'तुम्ही कलावंत होणार हे केव्हा कळले?' असे विचारू नये. पहिल्या वर्षी हातात कोणते वाद्य आले, गात कोण होते, लुगडे कोणाला नेसवले, आणि तेव्हा तुम्ही कोठे उभे होता, हे विचारावे.