‘नुसते बघू’ म्हणून कॅसिनो उघडू नका!
जालना जिल्ह्यातील प्रत्येक घरासाठी तातडीचे आवाहन

जालना, बदनापूर, भोकरदन, जाफ्राबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठही तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

सोयाबीन मोंढ्यात उतरते, कापसाची पहिली वेचणी विकली जाते, मोसंबीचा बाग व्यापाऱ्याला दिला जातो, ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याच्या हातात मुकादमाची उचल पडते, तेव्हा वर्षातून एकदाच घरात चार पैसे दिसतात. नेमके हेच पैसे आज मोबाइलच्या पडद्यावरून निसटत आहेत. म्हणून हे लिहीत आहे, आणि आजच वाचा, घरात वाचून दाखवा अशी हात जोडून विनंती करीत आहे.

पूर्वी आकडा लावायचा तर मटक्याच्या टपरीवर जावे लागे. कोणी पाहील याची लाज वाटे आणि ती लाजच अनेकांना परत फिरवी. आता टपरी खिशात आली आहे. रात्री दोन वाजता, पांघरुणात, शेजारी झोपलेल्या माणसालाही कळत नाही. तीन पत्ती, अंदर-बाहर, रुलेट, रंग ओळखण्याचा खेळ, उडत्या विमानाचा खेळ अशी नावे वेगवेगळी असली, तरी दार एकच आहे. त्या दारावर लिहिलेले असते : ‘एकदा खेळून तर बघा, पहिले पैसे आमचे.’

माझे सांगणे एवढेच आहे की, सापळा पुढे कुठे नाही, या ‘बघा’मध्येच आहे.

आधी फुकटच्या खेळाचे पाहू. अनेक कॅसिनोंवर खोट्या पैशांनी सराव करता येतो. २००५ मध्ये कॅनडातील संशोधकांनी अशी ११७ संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ३९ टक्के ठिकाणी सरावात परतावा शंभर टक्क्यांहून जास्त मिळत होता. म्हणजे खेळणारा जिंकतच राहील अशी सोय होती. खऱ्या पैशांना ती सोय नसते. सरावात हात चांगला चालला म्हणून कोणी खिशात हात घालत असेल, तर त्याने हे लक्षात ठेवावे.

आता बोनस. समजा, तुम्ही १,००० रुपये भरले आणि कॅसिनोने वर १,००० दिले. बारीक अक्षरात अट असते की, बोनसच्या ३५ पट रकमेचा खेळ केल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे ३५,००० रुपयांचे डाव खेळायचे. खेळात कॅसिनोचा वाटा शेकडा ४ धरला, तरी एवढ्या डावांत सरासरी १,४०० रुपये जातात. मिळाले हजार, गेले चौदाशे.

रुलेटचा हिशेब तर शाळेतले पोर करील. चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो लागला, तर लावलेल्यासह ३,६०० मिळतात. ३७ वेळा लावले तर खिशातून ३,७०० जातात आणि सरासरीने ३,६०० परत येतात. नशीब कोणाचे कसेही असो, हे शंभर रुपये चाकातच कापून ठेवलेले आहेत. आणि हा झाला प्रामाणिक चाकाचा हिशेब. परदेशात कुठेतरी बसवलेले चाक प्रामाणिक आहे की नाही, हे तपासायला तुमच्या-माझ्या बाजूने तिथे कोणीही नाही.

‘सेवा चांगली आहे, लगेच उत्तर देतात,’ असेही काही तरुण सांगतात. पैसे भरताना सेवा चांगली असतेच. क्यूआर कोड येतो, यूपीआय आयडी येतो, आणि पुढच्या वेळी तो बदललेला असतो, कारण ते खाते कंपनीचे नसून कोणा अनोळखी माणसाचे असते. पैसे काढायला निघालात की भाषा बदलते. आधी ओळखपत्र मागतात, मग ‘कर भरा’, मग ‘प्रक्रिया शुल्क भरा’. जिंकलेली रक्कम पडद्यावर दिसत राहते आणि ती सोडवण्यासाठी माणूस आणखी पैसे ओततो.

२०२३ मध्ये आपल्याच राज्यात एक प्रकरण उघडकीस आले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली. त्या तक्रारीनुसार, त्याला ऑनलाइन जुगाराची लिंक पाठवली गेली, खाते उघडताच त्यात ८ लाख रुपये जमा दिसले, सुरुवातीला तो जिंकला आणि शेवटी ५८ कोटी रुपये गमावून बसला. पोलिसांनी गोंदियात छापा घातला, तेव्हा कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. व्यवहार समजणारा, कोटींची उलाढाल करणारा माणूस जिथे ‘आधी जिंकला’, तिथे उचलीच्या पैशांवर नशीब अजमावणाऱ्याचे काय होईल?

कायद्याबद्दलही स्पष्ट सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ या कायद्याने निषिद्ध ठरवले आहेत. असा खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक मिळून २० हजार कोटी रुपये या खेळांत गमावतात, असा सरकारचा त्या वेळचा अंदाज होता. कायदा येताच देशातल्या मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबवले. पण सवय लागलेला माणूस तिथेच राहिला. आता त्याच्यापर्यंत टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपवरून परदेशी कॅसिनोंच्या लिंक पोहोचत आहेत. ‘आमच्याकडे परवाना आहे’ असे ते सांगतात. कुराकाओसारख्या दूरच्या बेटाचा परवाना जालन्यात चालत नाही.

याच कायद्यातली एक गोष्ट मात्र घरोघरी पोहोचली पाहिजे : खेळणाऱ्यासाठी त्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून जो आत अडकला आहे, त्याने पोलिसांच्या भीतीने गप्प बसू नये.

जो अडकला आहे, त्याच्यासाठी

दादा, ताई, तुम्ही वाईट नाही. माणसाचे मन कुठे घसरते हे ओळखूनच तो खेळ बनवलेला आहे. आता एवढे करा :

१. थांबा. ‘गेलेले तेवढे काढतो आणि सोडतो’ हा विचार मनातून काढा. गेलेले काढण्याच्या नादातच उरलेले जाते.

२. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडवून धरण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचे क्रमांक, संदेश, पडद्याचे फोटो पुसू नका.

३. बँकेत जाऊन यूपीआयची मर्यादा कमी करून घ्या. ॲप काढून टाका. काही दिवस पैशांचा व्यवहार घरातल्या विश्वासू माणसाच्या हाती द्या.

४. कर्ज देणाऱ्या मोबाइल ॲपवरून नवे कर्ज घेऊन जुने फेडू नका.

५. आज, आत्ता, घरातल्या एका माणसाला सांगा. बायकोला, भावाला, आईला. आकडा कितीही मोठा असो, तोंडातून बाहेर पडला की त्याची फोड करता येते. पोटात ठेवला की तोच माणसाला खातो.

६. जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६ वर फोन करा. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. जिवावर बेतत असेल तर ११२. मराठवाड्याने कर्जापायी फार माणसे गमावली आहेत. त्यात या कर्जाची भर पडू देऊ नका.

आणि आपणा सर्वांसाठी

आई-वडिलांनो, जोडीदारांनो : रात्रीचे जागरण, पालथा ठेवलेला फोन, मित्रांकडे उसनवारी, डब्यातून नाहीसा झालेला दागिना यांकडे डोळेझाक करू नका. पण पहिला शब्द शिवीचा नसावा. ‘किती गेले?’ याआधी ‘जेवलास का?’ विचारा.

विद्यार्थ्यांनो : दोन-पाच हजारांसाठी आपले बँक खाते किंवा सिमकार्ड कोणाला ‘भाड्याने’ देऊ नका. लुटीचा पैसा तुमच्या नावावरून फिरतो आणि पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतात. खाते गोठले तर शिष्यवृत्तीही त्यातच अडकते.

रील करणाऱ्यांनो : एका लिंकचे कमिशन म्हणजे कोणाच्या तरी घरातले बियाण्याचे पैसे. जाहिरात करणाऱ्यालाही कैद आहे, हे वर सांगितलेच आहे.

मोबाइल दुकानदारांनो, सेवा केंद्र चालवणाऱ्यांनो : गिऱ्हाइकाने आणलेली अनोळखी फाइल फोनमध्ये टाकून देऊ नका. दोन शब्द समजावून सांगा. तुमचे तो ऐकतो.

सरपंच, शिक्षक, मंडळांचे कार्यकर्ते आणि कीर्तनकार महाराज : ग्रामसभेत, शाळेच्या परिपाठात, सप्ताहात या विषयाला दहा मिनिटे द्या. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याची व्यथा आहे. त्याची बायको दुरावली आहे, घरचे ओळख दाखवीत नाहीत. त्याला शेवटी मिळणारा सल्ला असा, की फासे सोड आणि शेत कस. हजारो वर्षांपूर्वीचा हा सल्ला समर्थांच्या जांबेत किंवा मत्स्योदरी देवीच्या अंबडात समजावून सांगायला वेगळा वक्ता लागणार नाही.

‘जालना सोन्याचा पाळणा’ असे आपण अभिमानाने म्हणतो. हे सोने मोंढ्यात, बियाण्याच्या शेतांत आणि पोलादाच्या भट्टीपुढे घाम गाळून उभे राहिले आहे. ते डावावर लागलेले नव्हते.

आज रात्री जेवताना सगळ्यांचे फोन बाजूला ठेवा आणि ताटावरच शांतपणे विचारा, ‘आपल्यापैकी कोणी असा खेळ खेळते का?’ कोणी मान खाली घातली, तर ताट तसेच ठेवून उठू नका. त्याला वाढा, आणि ऐका.

आपलाच,
जालना जिल्ह्यातील एक रहिवासी