मासळीला मदत, गाण्याला कागद

मी गोदीत माल चढवतो-उतरवतो. माल वादळानं अडतो त्याच्यापेक्षा जास्त कागदानं अडतो, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून ब्रिटनच्या वादकांची रड ऐकून आपली पोरं "गोऱ्यांचे नखरे" म्हणून हसतात, तेव्हा मला हसू येत नाही. दोस्तहो, जरा पेटारा उघडून बघा.

३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला. १ जानेवारी २०२१ पासून नवा व्यापार करार लागला. व्हिसाशिवाय थोड्या दिवसांच्या कामाला कोणी यावं, याची त्यात यादी आहे. वादक तीत नाहीत. युरोपनं ९० दिवसांची सवलत पुढं केली, ती लंडननं नाकारली. माणसांची मोकळी ये-जा बंद करू असं मतदारांना सांगून बसले होते ना! मग लंडननं आपला मसुदा दिला, तो युरोपनं नाकारला. दोन सरकारांच्या भांडणात ड्रमवाला चेपला.

आता दर देशाचा कायदा निराळा. वाद्यं ट्रकनं पाठवायची तर एकेकाची यादी करून कार्नेट काढा. हस्तिदंत असेल तर आणखी एक दाखला. भाड्याचा ट्रक ३.५ टनांवरचा असेल तर युरोपात माल उतरवल्यावर आणखी दोनच फेऱ्या, मग घरी परत. दहा गावांचा दौरा करायचा कसा?

जानेवारी २०२१ मध्ये एल्टन जॉन, स्टिंग अशा शंभरावर लोकांनी जाहीर पत्र लिहून सरकारला झापलं. बरं केलं. पण एल्टन जॉनचं काय अडणार? अडतो तो उधारीच्या व्हॅनमधून फिरणारा. अडतात पेट्या उचलणारे, दिवे बांधणारे, ज्यांचं नाव पोस्टरवर कधीच नसतं.

त्याच महिन्यात मासळी निर्यातदारांना २ कोटी ३० लाख पौंडांची मदत जाहीर झाली. मासळी नासते, मान्य. वादकाचं पोट काय टिकाऊ माल आहे?

संगीत-निर्यातीची एक योजना आहे, पण ती ब्रेक्झिटच्या आधीची, २०१४ ची. ५ हजार ते ५० हजार पौंड मिळतात. अर्ज कंपनीनं करायचा, धंदा वाढेल हे दाखवायचं, उरलेला खर्च आपणच घालायचा. च्यायला, ज्याच्यापाशी फक्त एक गिटार आहे त्यानं कंपनी आणायची कुठून?

कुणी म्हणेल, मत दिलं ना बाहेर पडायला, मग भोगा! २०१६ च्या मतपत्रिकेवर ट्रकच्या फेऱ्यांचा प्रश्न नव्हता. १९ मे २०२५ ला दोन्ही बाजू लंडनमध्ये बसल्या, दौऱ्यावरच्या कलावंतांचा कागदावर उल्लेख केला. उल्लेखानं नाका उघडत नाही.

आधी दार लावायचं, मग फटीतून चिल्लर टाकायची, याला मदत म्हणत नाहीत. वादकाला आणि त्याच्या पेट्या उचलणाऱ्याला ९० दिवस बिनव्हिसा काम करू द्या, ट्रकच्या फेऱ्यांची अट काढा. तोवर कागदांचा खर्च सरकारनं भरावा, आणि तो कंपनीच्या खात्यात नको, थेट माणसाच्या हातात.