चाकांनी केला घोटाळा

दोस्तांनो, माझी पहिली पुठ्ठ्याची अँबॅसडर चाकांनी घालवली! बरणीची झाकणं लावली नि ऐटबाज मोटारीचा झाला ट्रॅक्टर. आठवडाभराची मेहनत पाण्यात!

चूक प्रमाणाची. २०१४ साली उत्पादन थांबलेली ही गाडी सुमारे ४३२ सेंटिमीटर लांब. २४ ने भागलं, की आपली गाडी १८ सेंटिमीटरची. मग चाकालाही २४ नेच भागायला नको? टायरसकट खरं चाक साधारण ६५ सेंटिमीटर, म्हणजे आपलं २७ मिलिमीटर. कंपास शोधू नका, दहा रुपयांचं नाणं अगदी तेवढंच असतं! ते ठेवून गोल आखा, तीन-तीन चकत्या चिकटवा. (आईबाबा, कटर तेवढा तुम्ही चालवा.)

रंग पातळ, दोन हात. पिवळा दिलात तर कोलकात्याची टॅक्सी, पांढरा दिलात तर साहेबांची सरकारी गाडी!