दादीसाठी रोबो

“अम्मी, दादीशी बोलायला एक रोबो आणू या का?” कार्टून बघता बघता धाकट्याने विचारले. मी हसले, पण प्रश्न टोचला.

कार्टूनच्या गोष्टींतून रोबो खरोखरच घडले आहेत. जपानचे ओसामू तेझुका यांनी 1952 मध्ये अ‍ॅटम नावाचा यंत्रमुलगा चितारला. 1963 मध्ये तो टीव्हीवर आला. लहानपणी त्याच्या गोष्टी वाचलेले तोमोताका ताकाहाशी पुढे रोबो घडवू लागले. त्यांचा बोलका किरोबो 2013 मध्ये अंतराळ स्थानकात गेला. उंची अवघी 34 सेंटिमीटर. होंडाने 2000 मध्ये आणलेल्या असिमोची उंची 120 सेंटिमीटर ठेवली होती. बसलेल्या माणसाच्या नजरेला त्याची नजर भिडावी, हे त्यामागचे एक कारण.

इथे मी थबकले. यंत्र करणाऱ्यांनी एवढा विचार केला, आणि आम्ही सासूबाईंशी बोलतो ते दारातून, उभ्या उभ्या: “गोळी घेतली का?”

भगिनींनो, रोबो येईल तेव्हा येवो. त्या संध्याकाळी चहाचे दोन कप घेऊन मी त्यांच्या खाटेजवळ बसले. धाकटाही येऊन टेकला. त्या कितीतरी वेळ बोलत होत्या.