जपानांतील शेतांवरचे उमेदवार

जपानांत शेतकी शिकण्यासाठीं मुलगा पाठवावा काय, असा प्रश्न आमच्याकडे आतां अधूनमधून येऊं लागला आहे. २०१७ च्या आक्टोबर महिन्यांत भारत व जपान या दोन सरकारांमध्यें करार झाला आणि तेथील उमेदवारीच्या योजनेचें दार आपल्या तरुणांस उघडलें, तेव्हांपासूनची ही विचारणा आहे. एका शब्दांत उत्तर देण्याचें आमच्या मनांत नाहीं. ज्यास तेथें 'गिनो जिस्शूसेई', म्हणजे कौशल्य शिकणारा उमेदवार, असें म्हणतात त्याचा एक दिवस कसा जातो तें आधीं पाहूं. मग वाचकांनींच त्या नांवाची पारख करावी.

नागानो प्रांतांत चिकुमा नदीच्या उगमाशीं कावाकामी म्हणून एक गांव आहे. तें समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच असल्यानें हिवाळ्यांत जमीन गोठते, पण उन्हाळ्यांत हवा थंड राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथें लेट्यूस ही कोबीप्रमाणें गड्डा धरणारी, कच्ची खाण्याची पालेभाजी रुजली. आज शहरांना उन्हाळ्यांत होणारा पुष्कळ पुरवठा याच डोंगराळ पट्ट्यांतून होतो.

जुलै महिन्यांत अशा शेतावरील उमेदवार रात्रीं दोनच्या सुमारास उठतो. उशीर चालत नाहीं, कारण ऊन चढल्यावर कापलेला गड्डा मलूल होतो. कपाळाला दिवा बांधून, दंवानें भिजूं नये म्हणून रबरी अंगरखा घालून तो शेतांत उतरतो. जमिनीवर प्लॅस्टिकचें आच्छादन व त्यांतील भोंकांतून वर आलेले गड्डे. डाव्या हातानें गड्डा कलता करावयाचा, उजव्या हातांतील सुरीनें बुंध्याशीं तोडावयाचा, बाहेरचीं पानें सोडून उलटा ठेवावयाचा. तोडल्या जागीं पांढरा चीक येतो. तो वाळला तर तांबूस डाग पडतो, म्हणून मागून दुसरा माणूस पंपानें पाणी मारीत येतो. तिसरा खोकीं भरतो. कंबर सरळ करावयास सवड म्हणून नाहीं. सूर्य वर येईतों खोकीं बांधावर रचलेलीं असतात, व तीं ट्रकांतून सहकारी संस्थेच्या केंद्रांत जातात. तेथें बंद कोठींतील हवा ओढून घेतात. त्यामुळें पानांतलेंच थोडें पाणी वाफ होऊन जातें आणि सुमारें अर्ध्या तासांत सबंध माल पांचएक अंशांपर्यंत थंड होतो. नाशिक-पुण्याकडील भाजीवाल्या बागाइतदारांनीं मुद्दाम पाहावी अशी ही व्यवस्था आहे.

न्याहारी झाली कीं उमेदवार पुन्हां शेतांत. रिकाम्या वाफ्यांत रोपें लावावयाचीं, तण काढावयाचें, उद्यांच्या तोडणीचीं खोकीं जुळवून ठेवावयाचीं. संध्याकाळीं धन्यानें दिलेल्या बिऱ्हाडांत, ज्याचें भाडें पगारांतून कापलें जातें, दोघेतिघे मिळून भात शिजवितात, घरीं फोन करितात आणि आठ वाजतां निजतात. जपानी भाषेचें पुस्तक उशाशीं असतें.

आतां या दिवसांत शिक्षण कोठें आहे? सुरीचा हात आठवड्यांत बसतो. वाण कोणतें व कां निवडलें, खताचा हिशेब काय, सहकारी संस्था माल कसा विकते, ती थंड कोठी किती खर्चांत उभी राहिली, हें जें जें शेतकऱ्याच्या मुलानें शिकून यावें, तें सर्व बांधापलीकडे राहतें. योजना १९९३ सालीं निघाली ती विकसनशील देशांस कौशल्य देण्यासाठीं. २०१६ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत तर स्पष्ट लिहिलें आहे कीं, मजुरांची तूट भरून काढण्याचें साधन म्हणून ही उमेदवारी वापरली जाऊं नये. आणि २०२३ च्या अखेरीस सर्व धंद्यांत मिळून असे उमेदवार चार लाखांवर होते!

जपानी शेतकऱ्यास दोष देणें सोपें आहे; आम्ही तो देत नाहीं. मुख्यतः शेतीवरच राबणारे लोक तेथें २००० सालीं सुमारें २४ लाख होते, ते २०२४ सालीं ११ लाखांवर आले, व त्यांचें सरासरी वय ६९ च्या घरांत गेलें. मुलगे शहरांत गेले आणि जुलैचें पीक कोणासाठीं थांबत नाहीं. मजूर तर हवा, पण परक्यास मजूर म्हणून घेण्यास सरकार बराच काळ राजी नव्हतें. म्हणून मजुरास उमेदवार म्हटलें. आमचा आक्षेप या नांवास आहे, कारण नांवामुळें हक्क जातात. २०१० पर्यंत पहिल्या वर्षाचा उमेदवार कामगारच गणला जात नसे, त्यामुळें किमान वेतनाचा कायदाही त्यास लागू नव्हता. तें बदललें, परंतु ज्या धन्याकडे ठेवलें त्याच्याकडेच मुदत काढावी, दुसरीकडे जाऊं नये, हा साधारण नियम राहिला.

त्यांत कर्जाची भर. २०२२ सालीं जपान सरकारनेंच केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, येण्यापूर्वीं उमेदवारानें दलाल व पाठविणाऱ्या संस्था यांना दिलेली रक्कम सरासरी ५ लाख ४० हजार येनांच्या आसपास होती, आणि निम्म्याहून अधिकांनीं त्यासाठीं कर्ज काढलें होतें. उचल घेतलेला ऊसतोड्या मुकादमास कां सोडून जाऊं शकत नाहीं, हें आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या फडांत तो दर वर्षीं येतो. तेथें मात्र सोडून जाणारेही आहेत: २०२३ या एका वर्षांत ९,७५३ उमेदवार कामावरून नाहींसे झाले. पळून गेलेल्यास परवाना नाहीं, आणि म्हणून दादही नाहीं.

हें सर्व जपानच्या राज्यकर्त्यांसही पटलें असावें. २०२४ च्या जून महिन्यांत तेथील संसदेनें ही योजना मोडून नवी आणण्याचा कायदा केला, आणि तिचा अंमल एप्रिल २०२७ पासून ठरविला. माणसें मिळविणें हाही हेतु आहे असें त्यांत उघड कबूल केलें आहे. धंद्याप्रमाणें एक ते दोन वर्षांनीं, भाषेची व कामाची परीक्षा दिल्यावर, त्याच धंद्यांत धनी बदलतां येईल. ही मोकळीक पहिल्या दिवसापासून असावी असें आमचें मत आहे. वाईट धन्याकडे दोन वर्षें हा काळ थोडा नव्हे, आणि चांगल्या धन्यास तिचें भय नाहीं.

तेव्हां विचारणाऱ्या सभासदांस आमचें सांगणें असें. मुलगा मजुरीस जात असेल तर मजुरी म्हणूनच हिशेब करावा: भाडें, कापणी, प्रवास व दलाली वजा जातां हातीं काय राहतें तें पाहावें, तो हिशेब फायद्याचा निघाला तर जाण्यांत कमीपणा नाहीं. दलालीसाठीं जमीन गहाण टाकूं नये. आणि कराराची प्रत आधीं मराठींत करून घेऊन, धनी बदलण्याचें कलम कोठें आहे तें दलालासच बोट ठेवून दाखवावयास सांगावें.