विमाहप्त्याचा विनियोग : नफ्यावर मर्यादा नव्हे

अमेरिकेत आरोग्यविमा कंपन्यांच्या नफ्यावर कायद्याने २० टक्क्यांची मर्यादा घातली आहे, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे विधान दुरुस्त करणे आवश्यक आहे. २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्यातील आणि २०११ पासून अमलात आलेल्या या तरतुदीनुसार, वैयक्तिक व लहान गटांच्या विम्यात हप्त्यांच्या उत्पन्नापैकी, कर व शासकीय शुल्क वगळता, किमान ८० टक्के आणि मोठ्या गटांच्या विम्यात किमान ८५ टक्के रक्कम उपचारांच्या दाव्यांवर व सेवेचा दर्जा सुधारण्यावर खर्च व्हावी लागते; उरलेल्या हिश्श्यातून पगार, जाहिरात, दलालांचे कमिशन आणि सर्वांत शेवटी नफा निघतो. खर्च कमी पडल्यास फरकाची रक्कम ग्राहकांना परत करावी लागते, आणि २०१२ मध्ये असा सुमारे १.१ अब्ज डॉलरचा परतावा झाला, ही या नियमाची खरी आणि मोलाची उपलब्धी होय.

तथापि पत्रलेखकांच्या नजरेतून सुटलेला दोष अधिक गंभीर आहे. मर्यादा टक्केवारीत असल्यामुळे उपचार महागले आणि त्यासोबत हप्ते वाढले, की कंपनीच्या वाट्याची रक्कमही वाढते. शिवाय ज्या उद्योगसमूहाकडे विमा कंपनीबरोबरच दवाखाने व औषधवितरणही आहे, तो आपल्याच संस्थांना दिलेले पैसे उपचारखर्चात दाखवून नफा तेथे मिळवू शकतो. मालक स्वतःच जोखीम पत्करून कर्मचाऱ्यांसाठी चालवतात त्या योजनांना तर, त्यांत कोट्यवधी लोक असूनही, हा नियम मुळीच लागू होत नाही.