ताटातले तेल अडते, पोटावरची चरबी नाही

लग्नसराई जवळ आली की सांताक्रूझसारख्या उपनगरात औषधाच्या दुकानात एक चौकशी हमखास होते : ‘चरबी अडवणारी गोळी आहे का?’ विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा डॉक्टरांची चिठ्ठी नसते. वजन कमी करणाऱ्या महागड्या इंजेक्शनांचा गाजावाजा सुरू झाल्यापासून त्यामानाने स्वस्त असलेल्या या गोळीबद्दलचे कुतूहलही वाढले आहे. गोळी खोटी नाही. ऑर्लिस्टॅट हे तिचे नाव असून अमेरिकेत तिला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. घोटाळा आहे तो ‘चरबी’ या शब्दाचा.

तेल, तूप, लोणी, खोबरे यांतील स्निग्ध पदार्थांचे रेणू मोठे असतात. ते आहेत तसे आतड्याच्या भिंतीतून आत शिरू शकत नाहीत. जठरात आणि मुख्यतः स्वादुपिंडात तयार होणारे लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, कात्रीसारखे त्यांचे तुकडे करते. ऑर्लिस्टॅट या कात्रीच्या पात्यांतच अडकून बसते. १२० मिलिग्रॅमची मात्रा रोज तिन्ही जेवणांबरोबर घेतली, तर खाल्लेल्या स्निग्धांशापैकी सुमारे ३० टक्के भाग न पचता शौचावाटे बाहेर पडतो. औषधाचे काम आतड्यातच संपते. ते भूक कमी करत नाही आणि कमरेवर आधीच साठलेली चरबी जाळतही नाही.

आता हिशेब पाहू. दिवसभरात ६० ग्रॅम तेल-तूप पोटात गेले, तर त्यातले १८ ग्रॅम अडते. एका ग्रॅमला नऊ कॅलरी धरल्या, तर ही बचत सुमारे १६० कॅलरींची होते. दोन वेळचा जास्तीचा साखरेचा चहा आणि चार बिस्किटे ती सहज भरून काढतात. वडापावातल्या वड्याचे थोडे तेल गोळी अडवील; पाव आणि बटाटा मात्र पूर्ण पचेल. भात, पोळी, साखर आणि सरबत यांच्याशी तिचा काहीच संबंध नाही. आपल्या ताटात तर हेच जास्त असते.

म्हणून अपेक्षा माफक हवी. स्वीडनमध्ये ३,३०५ लठ्ठ व्यक्तींवर चार वर्षे अभ्यास झाला. आहार आणि व्यायाम दोन्ही गटांना सांगितले होते. औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी ५.८ किलो घटले, तर नकली गोळी घेणाऱ्यांचे ३ किलो. औषधाच्या गटात मधुमेहाचे प्रमाणही कमी राहिले. लाभ खरा आहे, पण तो पथ्याच्या जोडीने मिळालेला आहे.

दुष्परिणामही याच यंत्रणेतून येतात. न पचलेले तेल खाली उतरते. वायूबरोबर तेलकट डाग पडतात, शौचाची घाई होते. सांताक्रूझहून चर्चगेटला लोकलने जाणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जेवण जितके तेलकट, तितका त्रास जास्त.

याहून गंभीर गोष्टी नजरेआड राहतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे तेलात विरघळणारी; त्यांचे शोषणही घटते. त्यामुळे जीवनसत्त्वांची गोळी वेगळ्या वेळी, शक्यतो झोपताना घ्यावी लागते. थायरॉइडची गोळी आणि ऑर्लिस्टॅट यांत किमान चार तासांचे अंतर हवे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन, फिट्सची औषधे किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात आणि पित्तप्रवाहात अडथळा असताना हे औषध वर्ज्य आहे. पित्तखडे, मूत्रपिंडाची इजा आणि क्वचित यकृताला गंभीर इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

गोळी कोणाला हवी, हा प्रश्न तर त्याआधीचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणसाच्या बाबतीत वजनकाटा फसवतो, तो असा. म्हणूनच आपल्याकडे पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली की धोका मानतात.

तेव्हा लग्नाच्या फोटोसाठी चार-पाच किलो उतरवण्याचे हे साधन नव्हे. औषधविक्रेत्याने चिठ्ठी मागावी आणि चालू औषधांची विचारपूस करावी. महापालिकेच्या दवाखान्यांतही रक्तदाबाबरोबर कंबरेचे माप घेतले जावे. त्याला लागते ती फक्त एक टेप. गोळी घ्यायची की नाही हे त्या मापानंतर, रक्तातली साखर तपासून डॉक्टरांबरोबर ठरवावे. आणि ती सुरू केली तरी घरातला तेलाचा डबा महिनाभर पुरतो की पंधरा दिवस, हे पाहावेच लागेल.